नानांचं ‘एक शे’

प्रिय नाना,

काल सकाळी तुमच्या नंबरवरून ग्रुपवर उत्तर आलं, म्हणून लिहायला बसले आहे.

मी डबा भरत होते. मोबाइल वाजला, पाहिलं तर नाव ‘नाना धुळे’ आणि खाली रेकॉर्ड केलेला आवाज. हातातली पोळी सरळ मांजरीपुढे पडली. मागच्या थंडीत तुमच्या दशक्रियेला आम्ही दहा-बाराजणी एसटीने धुळ्याला येऊन रडून गेलो, आणि तुम्ही ग्रुपवर बोलताय? असं करतात का कुणी?

आवाज कुणाचा होता ते शेवटी सांगते. तुम्हीही सगळं पाल्हाळ आधी लावायचात, मुद्दा शेवटच्या वाक्यात, आणि नेमकी तेव्हाच रेंज जायची. आज तुम्ही बसा ऐकत!

तुमची बदली आमच्या तालुक्याच्या आरोग्य कार्यालयात झाली, तेव्हा आम्ही सगळ्या सिस्टर तुमच्यामागे फिदीफिदी हसायचो हे तुम्हाला माहीत होतं का? धुळ्याकडचा माणूस, प्रत्येक वाक्यात ‘आहे’च्या जागी ‘शे’. गाडी शे, साहेब शे, चहा शे का? माझं माहेर असोद्याचं, नोकरी सावद्याकडच्या केळीच्या पट्ट्यात. आमच्या बोलण्यात ‘शे’ औषधालाही नाही. लता, म्हणजे माझ्या उपकेंद्राची आशाताई, तुमची नक्कल इतकी हुबेहूब करायची की मला खुर्ची धरावी लागायची.

मग कोरोना आला आणि सगळ्यांचंच हसू पळालं.

रोज संध्याकाळी वरून कागद सुटायचे. राज्यातून जिल्ह्याला, जिल्ह्यातून तालुक्याला, तिथून आमच्या मोबाइलवर. काल सांगितलेलं आज रद्द, आज सांगितलेलं उद्या सुधारित. आणि भाषा काय ती! ‘विलगीकरण’ आणि ‘अलगीकरण’ यांत फरक काय, हे विचारायला मी लताला फोन लावला, तर ती तेच विचारायला मला लावत होती.

तुम्ही ते कागद वाचायचात आणि क्वार्टरच्या ओट्यावर बसून आम्हाला तोंडी सांगायचात. ग्रुपवर आशाताई, सिस्टर, गावातले खासगी डॉक्टर, सगळेच होते. “आयका व बहिनीस्वन!” अशी सुरुवात. मागे कुकरची शिट्टी. मध्येच तुमच्या मंडळींचा, आमच्या काकूंचा आवाज, “चहा ठंडा व्हयी राह्यना!” मग तुमचं एक घाईघाईचं “ऊं”, आणि पुढची सूचना. कागद वाचायला कुणाला वेळ होता, नाना? तुमचा आवाज मात्र मी भाकरी थापताना ऐकायचे, कपडे वाळत घालताना ऐकायचे. बाहेर कुणी काहीही पसरवो, नानांनी सांगितलं नाही ना, मग ते खरं नाही, एवढं आमचं पक्कं होतं.

सरकारी सूचना अशा बोलीत देतात का, म्हणून साहेबांनी तुम्हाला झापलं होतं. हे तुम्ही आम्हाला कळू दिलं नाहीत. का हो? आम्ही सगळ्या जाऊन साहेबांशी भांडलो असतो की!

आणि मग तो दिवस उजाडला. आठवला तरी मला अजून हसू येतं. तेव्हा मात्र रडू आलं होतं.

लसीची तेव्हा मारामार होती. रोज लोक विचारायचे, आम्ही रोज नाही म्हणायचो. एका सकाळी तुमचा आवाज आला, “आज तुमले कुपी एक शे. दहा मानसे बलावा.” एका कुपीत दहाजणांची लस, म्हणून दहा माणसं. तुमच्या दृष्टीने इतकं साधं!

आम्ही ऐकलं, “कुपी एकशे दहा. मानसे बलावा.”

एकशे दहा कुप्या! आमचं गाव पुरून शेजारच्या गावालाही उरतील एवढ्या. शंका यायला हवी होती, कबूल. पण इतके दिवस वाट पाहिली होती, वाटलं, आली एकदाची. लता तशीच मारुतीच्या देवळात गेली आणि भोंग्यावरून सांगून मोकळी झाली.

गाव लोटलं, नाना. केळी कापणारे कोयते हातात घेऊन आले. सावद्याला जायचा ट्रक अर्धा भरून तसाच रस्त्यात उभा. आणि सगळ्यांच्या पुढे, उपकेंद्राच्या पहिल्या पायरीवर अनुसयाअक्का! “मले नको तुमची सुई” म्हणून लताला दारातून परत पाठवणारी म्हातारी. एवढं गाव निघालं म्हटल्यावर तीही निघाली होती, नवं लुगडं नेसून.

लसीचा डबा आला. मी उघडला. बर्फाच्या पिशव्यांच्या मध्ये एक कुपी.

मी तुम्हाला फोन केला. “नाना, डब्यात एकच कुपी आहे!”

“मंग? एकच शे. तसंच सांगं ना मी!”

“तुम्ही एकशे दहा म्हणालात!”

मग एकदम “अरे देवा!” आणि फोन बंद न करताच तुम्ही मोटारसायकलला किक मारलीत.

तुम्ही येईपर्यंत मी डब्याचं झाकण धरून बसले. मार पडेल याची नव्हती एवढी भीती. आज ही माणसं उन्हात उभी राहून रिकामी गेली, तर उद्या लता कुठल्या तोंडाने त्यांच्या दारात उभी राहणार? आणि अक्का तर पुन्हा कधीच आली नसती.

तुम्ही आलात, ओट्यावर चढलात, रुमालाने तोंड पुसलंत. मला वाटलं, आता म्हणणार, सिस्टरने नीट ऐकलं नाही. तसं म्हणाला असतात तर मी काय करणार होते? तुम्ही हात जोडलेत आणि म्हणालात, “चूक मनी शे. तुम्हना कान बरोबर शेतस. मनी बोली तुमले समजनी नही. कुपी एक शे.” आणि एक बोट वर केलंत.

मागून कुणीतरी ओरडलं, “नाना, एकशे का एक शे?”

तुम्ही म्हणालात, “एक. शे!” मध्ये एवढं थांबलात की तेवढ्यात ट्रक सावद्याला जाऊन आला असता. आणि कोयतेवाले हसले. मग सगळेच हसले. अक्का तेवढी हसली नाही. ती उठली आणि लताला म्हणाली, “साहेब लोकं दुसऱ्यावर ढकलता. हा म्हनतो माही चूक हाये. घे, टोच मले.” लताने टोचायचं नसतं, टोचली मी. पण अक्का अजूनही सांगते की तिला नानाची लस आहे!

वयाने मोठे असे दहाजण आत घेतले, बाकीचे कुरकुरत घरी गेले. पुढच्या वेळी भरपूर कुप्या आल्या, तेव्हा भोंगाही लागला नाही. नुसतं “नाना म्हणाले” एवढ्यावर माणसं आली.

त्या संध्याकाळपासून तुम्ही ग्रुपवर ‘कळलं’ म्हणून नुसता अंगठा टाकायला बंदी घातलीत. म्हणालात, लोकांना अंगठा सोडून सही करायला शिकवता शिकवता पिढ्या गेल्या, आणि तुम्ही शिकल्या-सवरलेल्या बाया परत अंगठ्यावर आलात! आता जिने जे ऐकलं ते तिने आपल्या बोलीत परत बोलून दाखवायचं. चुकलं तर तुम्ही पुन्हा रेकॉर्ड करणार.

काय वैतागलो होतो आम्ही! ग्रुपवरचे ते भुसावळचे खासगी डॉक्टर तर चिडले, शाळेतल्या पोरासारखं पाठ म्हणायला लावता का मला? तुम्ही शांतपणे म्हणालात, “डॉक्टरसाहेब, तुम्हनं पाठ व्हयेल शे. तपासनं माले मनं बोलनं शे.” तपासायचं होतं ते त्यांचं पाठांतर नव्हे, तुमचं बोलणं. त्यानंतर सगळ्यांत आधी त्यांचंच उत्तर यायचं, तेही घसा खाकरून.

आणखी एक बंदी होती, आठवते? ‘असल्यास’, ‘नसल्यास’ हे कागदावरचे शब्द तोंडी बोलायचे नाहीत. का, ते तुम्ही सांगितलं असणारच, आणि बहुतेक तेव्हाच रेंज गेली असणार.

एक तक्रार राहिलीच. निवृत्त होऊन धुळ्याला गेलात, तेव्हा थंडीत असोद्याला भरीत खायला येतो असं छातीठोकपणे सांगितलंत. माझ्या भावाने वांगी ठेवली होती, कळण्याच्या, म्हणजे ज्वारी-उडदाच्या, पुऱ्यांचं पीठ दळून आणलं होतं. त्याच आठवड्यात तुम्ही झोपेत निघून गेलात. ते भरीत आम्ही केलंच नाही, नाना. फार राग आला होता तुमचा. अजून थोडा आहे.

तुम्ही गेल्यावर ग्रुप मुका झाला. सूचना यायची, खाली अंगठ्यांची रांग. एका नव्या बाबूने तुमचं नाव काढायला सांगितलं. पण ग्रुपचे एकटे ॲडमिन तुम्ही! तुम्हाला कोण काढणार? आम्हाला काय आनंद झाला!

आता परत कुठेतरी नवा ताप निघालाय. आपल्याकडे अजून काही नाही, पण तयारी ठेवा असा वरून कागद आला आणि साहेबांनी तुमचं काम माझ्या गळ्यात घातलं. मला रात्रभर झोप नाही. नानांच्या जागी मी? माझं कोण ऐकणार? म्हणून काल सकाळी साडी-बिडी नेसून, आवाज लावून, अगदी बातम्या दिल्यासारखं रेकॉर्ड केलं, “लक्षण असल्यास रुग्णास केंद्रात पाठवावे, अन्यथा घरीच थांबवावे.” धडाधड अंगठे आले. मी खूश!

आणि मग तुमचा नंबर वाजला.

काकू होत्या, नाना. तुमच्या काकू! म्हणाल्या, “सिस्टरबाई, तुम्हना नाना सांगेत परत बोली दखाडा, म्हनीसन बोलस. ज्याले लक्षन नही त्याले दवाखानामा धाडानं, आनि ज्याले ताप शे त्याले घरमा ठेवानं. पन हाई उलटं नही का व्हयनं व माय?”

मी माझाच आवाज परत ऐकला. नाना, आपल्याकडे ‘ण’चा ‘न’ होतो ना! मी आवाज कितीही लावला तरी असोद्याचीच. ‘लक्षन असल्यास’ घाईत म्हटलं की कानाला सरळ ‘लक्षन नसल्यास’! म्हणून होती होय ती बंदी?

लताला फोन केला. ती अक्काच्या दारातच होती. अक्काची सून तापाने फणफणलेली, तिला लताने अंथरुणात पडून राहायला सांगितलं होतं, आणि ठणठणीत अक्काला हात धरून केंद्रात न्यायला निघाली होती. मागून अक्काचा आवाज, “अवं पन मले झालं काय?”

मी आधी घामाघूम, मग हसून बेजार. सुनेला केंद्रात आणलं, तपासलं. साधा ताप निघाला, औषध घेऊन घरी गेली. दुसरं काही निघालं असतं तर? अंगठे तर सगळ्यांनी दिले होते!

मग मी पदर खोचला आणि घरी बोलते तशी बोलले. ताप आहे? केंद्रात आणा. ताप नाही? घरी राहू द्या. सकाळी चुकलं ते माझं. आता प्रत्येकीने आपल्या बोलीत परत सांगायचं, अंगठा चालणार नाही.

पहिली लता बोलली, “ताप आला त्याले आनते, अक्काले घरीच ठेवते!” मग एकेक सुरू झाल्या. कुणाच्या मागे शिट्टी, कुणाच्या मागे बकरी. भुसावळचे डॉक्टर घसा खाकरून बोलले. सगळ्यांत शेवटी काकू, आणि या वेळी बरोबर.

दुपारी मी त्यांना फोन केला. तुमचा मोबाइल अजून चालू कसा, विचारलं. म्हणाल्या, “रिचार्ज मीच करस. तुम्हना बठ्ठासना आवाज आयकना का घर भरेल वाटस.” तुम्ही गेल्यापासून त्या ऐकतच होत्या, नाना. आम्हीच बोलत नव्हतो.

तर आता माझा शब्द घ्या. अंगठा बंद, कायमचा. ‘असल्यास’ बंद. चूक झाली तर ओट्यावर उभं राहून माझी म्हणेन. तुमचं नाव ग्रुपवर राहील, कुणी बाबू येवो. आणि या थंडीत काकूंना असोद्याला आणून भरीत खायला घालणार, तुमच्या वाटची पुरीही त्यांनाच वाढणार. तुमची बोलीही शिकते आहे. पहिलं वाक्य जमलंय, लिहू?

आमना नाना एक शे.

नीट ऐका हां, पुढे दहा जोडू नका!

तुमची, अजून थोडी रागावलेली,
शोभा सिस्टर