ओहोटीत मिळवलेला तास

दुरुस्ती. मंगळवार, २२ जुलै
खाली २८ जूनच्या नोंदीत ओहोटी एक वाजता लिहिली आहे. ते चूक आहे. ती बाराला होती. वेळ कपिलदादाने काढली असं मी पोलिसांना सांगितलं, तेही खोटं. धरणाच्या वसाहतीत शाळा नव्हती, म्हणून चौथीपर्यंत बाबांनी आम्हा दोघांना घरीच शिकवलं. चुकलेलं खोडायचं नाही, वर तारीख घालून खरं लिहायचं, हा त्यांचा नियम. म्हणून खालचं सगळं तसंच ठेवते.

शुक्रवार, २७ जून
पोचलो! वोल्फ्सबुर्गहून गाडीने पाच तास. जर्मनीत येऊन मला तीनच आठवडे झालेत आणि दादाने मला उत्तर समुद्र दाखवायला आणलंसुद्धा. बांधावर चढलो तर नुसता चिखल. समुद्र कुठाय विचारलं, तर म्हणाला, बाहेर गेलाय, सहा तासांत येईल, काही निरोप आहे का?
कयाक, म्हणजे वल्ह्याच्या चिंचोळ्या होड्या, भाड्याने देणाऱ्या आजोबांनी ओहोटीच्या वेळांचा कागद दिला आणि बजावलं की सीलपासून तीनशे मीटर लांब राहायचं. एकटं पिल्लू माणसासारखं ओरडतं, तरी जवळ जायचं नाही, आई आसपासच असते. मी हे वहीत उतरवून घेतलं. दादा म्हणाला, गेनाऊ, अगदी बरोबर, आता सीलची परीक्षा घे. उद्याच्या डब्याला दहीभात कालवला आहे. त्याला तोच हवा असतो.

शनिवार, २८ जून
वाळूच्या पट्ट्यावर बसून लिहितेय. दोन्ही कयाक एकमेकींना बांधून ठेवल्या आहेत. पलीकडे एकेचाळीस सील. दोनदा मोजले.
ओहोटी एक वाजता. असे कागद हिवाळी वेळेनुसार असतात असं मी वाचलं होतं, आणि उन्हाळ्यात इथली घड्याळं तासभर पुढे असतात, म्हणून एक तास मिळवला. दादा हसला, तू घड्याळाचीही उलटतपासणी घेशील म्हणाला, पण मान्य केलं. तो बारा वाजता निघू म्हणत होता. मीच म्हटलं, घाई नको, अजून तासभर पाणी उतरतंय. मग पट्ट्याच्या टोकापर्यंत चालून येतो म्हणून गेला.

सोमवार, ३० जून
परवा धुकं आलं. पाणी वेळेआधी चढलं. मी कयाकमध्ये बसून हाका मारल्या. पलीकडून एक पिल्लू ओरडत होतं, खूप वेळ. नियम होता, म्हणून गेले नाही. तीन वाजता बचावाच्या बोटीने मला उचललं. त्याची रिकामी कयाक माझ्या कयाकला बांधलेलीच होती.
दादा सापडलेला नाही.

सोमवार, ७ जुलै
दहावा दिवस. आई फोनवर ओरडली, सापडला नाही ना, मग दहावा कसला करतेस? पण मला राहवेना. बांधाखाली दहीभाताचा पिंड ठेवला. कावळा नाही. सीगल घिरट्या घालत राहिले, शिवले नाहीत. आमच्या आजोबांच्या दहाव्याला बाबांनी केलं तसं मी हात जोडून वचन दिलं. आईला बघेन म्हटलं. काही नाही. खरं सांगेन म्हटलं. काही नाही.
शेवटी म्हटलं, तुला परत एकटं सोडणार नाही, तू आहेस तिथे येईन.
पाण्यातून एक सील वर आला. पोटावर सरकत आला आणि सगळा भात खाल्ला. माझ्याकडे बघत.

शनिवार, १२ जुलै
वोल्फ्सबुर्गला परत. आज दादाच्या कारखान्याजवळच्या कालव्यात त्याचं डोकं दिसलं. दादाच्या ओळखीच्या कुमुदिनीकाकू सोबत होत्या. तीस वर्षं इथे राहतात. म्हणाल्या, अगं बाळा, कालव्यात कुठला सील, झोप नाहीये तुला. मी वेळ लिहून ठेवली, बारा दहा. तिकडची ओहोटी आज अकरा दहाला होती.

बुधवार, १६ जुलै
पाच दिवस रोज. रोज ओहोटीनंतर बरोबर एक तासाने. माझा तास.
दारावर शेजारणीची चिठ्ठी. जिन्यात ओली वाळू सांडू नका, हाउसऑर्डनुंग, म्हणजे इमारतीचे नियम, वाचा. आम्ही चौथ्या मजल्यावर राहतो. मी तर बूटही दारात काढते —
पायपुसणं चाखून पाहिलं. खारट. त्यात भाताची शितं.

शनिवार, १९ जुलै
कालव्यातून शिट्टी. दोन लहान, एक लांब. वसाहतीत दादा मला जेवायला बोलवायचा ती.
त्या दिवशीही ओरडण्यामागून शिट्टी आली होती. पक्षी असेल म्हटलं मी. पिल्लू असेल म्हटलं. तीनशे मीटर, म्हटलं —
तो तिथेच होता. कंबरभर पाण्यात. माझी वाट बघत.

मंगळवार, २२ जुलै
आज तो कागद पुन्हा वाचला. तळाशी बारीक अक्षरात लिहिलंय, वेळा उन्हाळी आहेत, काही मिळवू नये.
आईला फोन केला. चूक माझी होती, सांगितलं. ती मग म्हणाली, जेवलीस का?
फोन ठेवल्यावर दारापाशी ओलं काहीतरी सरकलं. उघडलं नाही. नुसतं म्हटलं, दादा, थांब, या वेळी मी नीट बघितलंय.
कयाक सांगून ठेवली आहे. एकच. दहीभात सकाळी कालवीन. काही मिळवलेलं नाही, तीनदा तपासलं. रविवार, २७ जुलै, ओहोटी अकरा चाळीसला, मी त्या पट्ट्याच्या टोकाशी —