नोंद नाही, की पाहिली नाही?

१२ मे, सोमवार

कोच मोंडे आज स्वतः ऑफिसात! तापातून नुकत्याच उठलेल्या, अंगाभोवती शाल, चेहरा उतरलेला. बसा म्हटलं तरी बसेनात. "मुतिन्ता, तुमच्या त्या मदतनिसानं माझ्या पोरीचा जीव घेतला असता."

शनिवारी काब्वेला सामना होता. कोच मलेरियानं अंथरुणात, म्हणून मुलींचा संघ म्वेवा घेऊन गेला — त्यांचा सहायक. खेळता खेळता संघातल्या लुशोमोला धाप लागली. म्वेवानं फोनवर संघाच्या फाइली सांभाळणाऱ्या आमच्या एआय मदतनिसाला विचारलं, लुशोमोच्या श्वासाबद्दल कोचनी काही लिहून ठेवलंय का? उत्तर आलं — "अशी कोणतीही नोंद नाही." त्याला वाटलं, पोरगी दमलीय, दुसरं काय! मैदानात तशीच ठेवली. जरा वेळानं ती खाली बसली ती उठेचना. समोरच्या संघातल्या कुणाच्या तरी आईच्या पर्समध्ये दम्याचा पंप निघाला. म्हणून निभावलं.

आणि नोंद होती! 'मार्चचा सराव' नावाच्या फाइलमध्ये, गोलकीपरच्या फाटक्या हातमोज्यांच्या नोंदीखाली. लुशोमोला दमा आहे म्हणून, कोचनीच लिहिलेली.

१३ मे

कारण सापडलं. मदतनीस जे शोधायचं टूल वापरतो, ते फक्त फाइलींची नावं बघतं. आत डोकावतच नाही. आणि टूलचं वर्णन काय? "नोंदी शोधतं." झालं! त्या बिचाऱ्याला टूलबद्दल जे काही कळतं ते एवढ्यावरूनच. त्याला वाटलं, सगळं पाहून झालं. ते वर्णन मी इथे येण्याआधी कुणीतरी लिहिलेलं, पुढे कुणी हात लावला नाही.

चिलुफ्या — कोड त्याचा — म्हणाला, "माझ्या कोडमध्ये चूक नाहीये हां."

"कोण म्हणतंय चूक आहे? अर्धंच सांगितलंय, एवढंच."

"मग उरलेलं तू सांग."

म्हणजे काम माझ्या गळ्यात.

१४ मे

टूलचं नवं वर्णन पानभर लिहिलं. चिलुफ्यानं वाचलं. "हे वर्णन आहे की लग्नातलं भाषण?"

कापलं. 'फक्त नावं पाहतं' एवढं ठेवून तोच प्रश्न पुन्हा विचारून बघितला. मदतनीस ठामपणे — "नोंद नाही." अरे देवा!

१५ मे

दिवसभर वीज नाही. आमच्याकडची मे महिन्यातली थंडी. मक्याच्या पिठाची न्शिमा, बारके कापेन्ता मासे, झोप.

१६ मे, शुक्रवार

सकाळी म्वेवाला फोन केला. नेमकं काय विचारलं होतंस, एवढंच हवं होतं. पण तो बोलतच सुटला. "ताई, सहा दिवस झोप नाही मला. त्यानं सरळ नाही म्हटलं हो! 'मी तिथे बघितलं नाही' एवढं जरी म्हणाला असता, तरी मी कोचना उठवलं असतं की!"

फोन ठेवला आणि डोक्यात लख्ख! टूल काय करतं ते मी सांगत होते. रिकाम्या हातानं परत आलं तर त्याचा अर्थ काय घ्यायचा, ते सांगितलंच नव्हतं.

मग लिहिलं:

"हे टूल फक्त फाइलींची नावं पाहतं, आतला मजकूर नाही. काही मिळालं नाही तर 'नोंद नाही' असं म्हणू नकोस. मजकुरात शोधणारं दुसरं टूल आहे, ते वापर. तरीही मिळालं नाही तर कुठे कुठे पाहिलंस ते सांग. प्रश्न तब्येतीचा असेल तर नोंद लिहिणाऱ्या माणसाला लगेच विचारायला सांग."

विचारलं. हातमोज्यांच्या खालून बरोबर काढून दिलं! खोटं नाव घालून विचारलं, तर म्हणाला — नावांत पाहिलं, मजकुरात पाहिलं, मिळालं नाही, कोचना विचारा. मी टाळ्या वाजवल्या. एकटीनंच. चिलुफ्यानं मान हलवली आणि दुपारी न विचारता माझ्यासाठीपण प्यायला मक्याचं मुन्कोयो आणलं. गारेगार, आंबटगोड. त्याच्याकडून एवढं म्हणजे खूपच झालं.

२० मे

मैदानावर गेले होते. लुशोमो बाकावर. या हंगामात धावायचं नाही, डॉक्टरांनी बजावलंय. पण तोंडाला कोण आवरणार! "ए, पास दे ना, तुझ्या लग्नाचा हुंडा आहे का तो बॉल?" सगळ्या हसतात आणि पास देतातही.

मदतनिसाला हरवायचंच म्हणून तिनं विचारलं, लुशोमोच्या बुटाचं माप काय? तो — कुठेच मिळालं नाही, तिलाच विचारलेलं बरं.

"इथेच तर बसलेय मी!" ती फोनवर ओरडली. म्वेवासुद्धा हसला. त्या दिवसानंतर पहिल्यांदा, असं कोच म्हणाल्या.

घरी येताना मीही वाटेत उगाच हसत होते.

२ जून

कोच मोंडे मोंगूला चालल्या, आईजवळ. कायमच्या. फाइली आता कुणाच्या नावावर करू, विचारलं.

"लुशोमोच्या. पोरींनी हात वर करून तिलाच निवडलंय."

मागून तिचा आवाज आला, म्वेवाला काहीतरी फर्मावत होती. आणि म्वेवा म्हणाला, "हो, कोच."