विमानाच्या नाकातलं शिसं

प्रिय तस्नीम,

आज तुझ्या चाळिसाव्याला मिरजेला आलो होतो. जेवून परत आलो आणि लिहायला बसलो, कारण तुझ्या अब्बांसमोर तोंड उघडलं नाही.

डेंग्यूनं आठ दिवसांत गेलीस. मला उशिरा कळलं. कळवणार तरी कोण? कॉलेज अर्ध्यात सोडून मी मेढ्याला निघून गेलो, तुझे फोनही उचलले नाहीत.

कॉलेजच्या प्रकल्पाचं आपलं हातभर विमान आठवतं? पंख अब्बांनी सतारीच्या कारखान्यात तासून दिलेले. मी पाण्याच्या टाकीवरून गिरकी देऊन सोडायचो, खालून तू मोबाइलवर टिपायचीस. गरगरत पडताना शेपटीचं सुकाणू उलट वळायचं; विमान गिरकीतून सुटतं का, एवढंच बघायचं. शेपूट जड ठेवली की सुटायचंच नाही. मी चिडायचो. तुझं डोकं विमानाच्या आधी गरगरतं, म्हणायचीस.

"न्हाई सुटत, हाच निकाल हाय रं विक्या. लिहून ठेव."

मला मात्र तुला टाळ्या मिळालेल्या बघायच्या होत्या. आवडतेस, हे सांगायची हिंमत नव्हती. परीक्षक यायच्या दिवशी सकाळी मी विमानाच्या नाकात मासेमारीच्या जाळ्याचं शिसं गुपचूप कोंबलं. विमान झकास सुटलं. मग त्यांनी ते तोलून बघितलं. वजन वहीतल्या आकड्याशी जुळेना, आणि वही तुझ्या अक्षरातली. सगळे तुझ्याकडं वळले.

तू माझ्याकडं बघितलंस. तुला कळलं होतं. का गप्प बसलीस गं? एक शब्द पुरला असता! मी विमान आपटलं, दार आपटलं आणि गेलो. लोकांना वाटलं, तुझ्या लबाडीवर भडकलोय. मी तसंच वाटू दिलं.

आज हात धुताना अब्बांनी हळूच विचारलं, "पोरा, तू संगं व्हतास. माझ्या लेकीनं खरंच फसवलं व्हतं का रं?"

मी नळाकडं बघत राहिलो. माझ्या गप्प बसण्याला त्यांनी 'व्हय' समजलं, तस्नीम! खांद्यावर हात ठेवून म्हणाले, जाऊ दे, लेकरू होतं.

उद्या पहिल्या एसटीनं येतोय. कारखान्यात, सगळ्या कारागिरांदेखत सांगणार, शिसं मी घातलं. मग कॉलेजात सरांना. अब्बांनी हात उचलला, तरी या वेळी उठून जाणार नाही.

'तुझा' लिहायचा हक्क राहिलाय का, माहीत नाही.

विक्या