दसऱ्याचा हॉर्न आणि बारीक तार

स्वस्ति श्री. केडगावभूषण, व्याकरणमार्तंड, गृहनिर्माण संस्थेचे माजी (पराभूत नव्हे, निवृत्त) सचिव आणि एका चतुर्दशवर्षीय मोटारीचे एकमेव स्वामी गहिनीनाथ यांची ही परमगोपनीय प्रतिशोध-दैनंदिनी.

२४ सप्टेंबर. सकाळ, ७.१०
शेजारी सूर्यभान याने भर पार्किंगमध्ये माझ्या हॉर्नला पिपाणी म्हटले. सर, पुढं म्हैस आडवी आली तर खाली उतरून हाक मारीत जा, असेही सुचवले. बायका हसल्या. त्यांत स्वपत्नी रेश्मा अग्रभागी. दसऱ्याला संस्थेतील वाहने ओळीने पूजली जातात आणि नारळ फुटला की प्रत्येकाने क्रमाने हॉर्न वाजवायचा, ही आमची परंपरा. त्या दिवशी या नराधमाला सर्वांसमक्ष कान झाकायला लावीन. संकल्प सोडला.

२६ सप्टेंबर
द्विमुखी, ट्रकसदृश हॉर्न आणला. वायरिंगवाले शमशेरभाई म्हणाले की सर, ह्याला जाड वायर लागंल, बटनावर भार येऊ नये म्हनून रिले लागंल, फ्यूज लागंल. बारीक वायर लई तापती. मी सविनय पृच्छा केली की घरात दोनशे तीस व्होल्ट, गाडीत अवघे बारा; मग गाडीला जाड तार कशासाठी? त्यांनी पक्कड खाली ठेवली. मग म्हणाले, व्होल्ट कमी म्हनूनच करंट जादा वढतो, सर. निरुत्तर झालेला मनुष्य असेच काहीतरी बोलतो.

२८ सप्टेंबर. रविवार
काम स्वहस्ते संपन्न. हॉर्नसोबत आलेली जाड तार बॅटरीपर्यंतच पुरली. हॉर्नपासून स्टिअरिंगजवळच्या बटणापर्यंत डोअरबेलची उरलेली तार ओढली. सुबक, सडपातळ. फ्यूज भित्र्यांसाठी असतो. चाचणी घेतली नाही. शत्रूस पूर्वसूचना देणे युद्धनीतीस धरून नाही.

१ ऑक्टोबर
सूर्यभानच्या क्षमायाचनेस द्यावयाचे उत्तर लिहून ठेवले. चार वाक्ये. शेवटचे क्षमाशील, पण फार नाही.

२ ऑक्टोबर. दसरा, ११.३०
नारळ फुटला. माझी पाळी. बटण दाबले. मांजराचे पिल्लू दाराच्या फटीत सापडावे, तसा ध्वनी. सूर्यभान म्हणाला, सर, पिपाणीच बरी हुती की वो. संतापाने मी बटण दाबूनच धरले. पूर्ण एक मिनिट. जळक्या प्लास्टिकचा गंध आला आणि अकस्मात हॉर्न गर्जला! प्रलयंकारी! सूर्यभानने दोन्ही कान झाकले. साक्षात विजय!
बटण सोडले. गर्जना थांबेना. बॉनेटमधून धूर. सर्व पांगले. मीही, नेतृत्व करीत.
सूर्यभान मात्र कानांवरचे हात काढून पुढे धावला. सर, तुमी लांब व्हा, भाजंल, असे ओरडून त्याने बॅटरीची वायर उपटली. गाडी वाचली. त्याची दोन बोटे पोळली.

त्याच दिवशी, दुपार
शमशेरभाईंनी निदान केले: बारीक वायरीतनं करंट पुरंना, म्हनून आधी बारीक आवाज; मग तिचं प्लास्टिक वितळून ती बॉडीला चिकटली, बटनाचं काम बॉडीनंच केलं, म्हनून बटनाबिगर वाजत हुता. आता जाड तार, रिले, फ्यूज, सर्व टाकणार. माझा आरंभापासून हाच आग्रह होता.

३ ऑक्टोबर
बोटांना मलम लावून सूर्यभान सकाळीच आला. गाडी बरी हाय ना सर, एवढेच विचारले. चार वाक्यांपैकी एकही बसेना. रेश्माने त्याला चहा दिला. मला दुसऱ्या कपाचे विचारले नाही.
बॅटरीची वायर उपटल्यापासून गाडीतले घड्याळ भलतीच वेळ दाखवते. पुस्तिकेत उपाय नाही. शमशेरभाई म्हणतात, सूर्यभानशेठला इचारा, त्यांना येतं.