आजारी माणसाची बिस्किटं

२९ सप्टेंबर, रविवार
आजपासून नियमित लिहायचं. लीडर होणाऱ्या माणसाने स्वतःला स्वतःच शिस्त लावून घ्यावी.

अकरा ऑक्टोबरला आमच्या विभागाचा नवा लीडर जाहीर होणार. पंपाचे सुटे भाग बनवणाऱ्या जपानमधल्या या कारखान्यात मी फिलिपिन्सहून आलो त्याला आता बरीच वर्षं झाली. या वर्षी एकही रजा घेतलेली नाही. माझ्याखेरीज नाव आहे ते फक्त तुआनचं. व्हिएतनामचा मुलगा, कामाला बरा, पण बायकोच्या वाढदिवसालासुद्धा रजा टाकतो. तेव्हा खरं म्हणजे स्पर्धा नाहीच.

आमचे साहेब मोरिवाकी-सान एप्रिलपासून भेटतील तिथे म्हणतात, "बाउतिस्ता-सान, रजा घ्या." माझं पाणी जोखताहेत. जपानी माणूस बोलतो एक आणि त्याच्या मनात असतं दुसरंच. नव्या पोरांना हे कळत नाही. मी मान लववतो आणि ओव्हरटाइमला थांबतो.

२ ऑक्टोबर, बुधवार
घोडं अडलंय.

शनिवारी मायूमीच्या शाळेत खेळांचे सामने, म्हणून सोमवारी शाळेला बदली सुट्टी. मायूमी माझी मुलगी, तिसरीत आहे. तिला ओसाकाचं मोठं मत्स्यालय दाखवायचं मी कबूल केलंय. वसंतात केलं होतं, उन्हाळ्यातही केलं होतं. दोन्ही वेळा ओव्हरटाइम आला. आला म्हणजे मी मागून घेतला, पण मुद्दा तो नाही.

जेवताना मारिविकने सांगितलं की या वेळी मी आलो नाही तर त्या दोघी जातील. बायको आवाज न चढवता बोलली की समजावं. मायूमी भात चिवडत म्हणाली, "पापा नाही येणार. मला माहितीये." रागावून म्हणाली असती तर बरं झालं असतं. मला फार लागलं.

रजा मागावी तर लीडरपद जातं. न मागावी तर घरातलं पद जातं.

३ ऑक्टोबर
सुचलं. आजारी पडायचं. आजार म्हणजे रजा नव्हे, आपत्ती. आपत्तीबद्दल कुणी कुणाला बोल लावत नाही.

५ ऑक्टोबर, शनिवार
सामने झाले. मायूमी धावण्यात शेवटून दुसरी. जोर होता, दिशा चुकली.

बाथरूममध्ये खोकल्याचा सराव केला. कोरडा जमतो, ओला जमत नाही. मारिविक दाराबाहेरून आल्याचा काढा देऊन गेली. म्हणजे खोकला पटण्यासारखा होतोय.

७ ऑक्टोबर, सोमवार, सकाळी
साहेबांना फोन केला. कोरडा खोकला लावला. साहेब म्हणाले की आराम करा, उद्याही वाटलं तर येऊ नका. आवाजात चक्क आनंद होता. काळजी असावी. जपान्यांची काळजी कधी कधी आनंदासारखी ऐकू येते.

मास्क आणि टोपी घालून निघालो. मला कुणीही ओळखणं शक्य नाही. स्टेशनवर मायूमीच्या बाईंनी लांबून हात हलवला, तो मारिविकला.

त्याच दिवशी, संध्याकाळी
मत्स्यालयात आधी सरकत्या जिन्याने थेट वर जायचं आणि मग मोठ्या टाकीभोवती गोल गोल खाली उतरायचं. मी मायूमीला सांगून ठेवलं होतं की व्हेल शार्कचं मला काही नवल नाही. आमचं गाव दोनसोल, तिथे समुद्रात त्यांची ये-जा असते. आम्ही त्यांना बुतांदिंग म्हणतो. माझे वडील पर्यटकांना बोटीतून त्यांच्याकडे घेऊन जायचे. त्यांच्याबरोबर मी पोहलोय, हेही मी तिला सांगितलेलं आहे.

वस्तुस्थिती अशी. बोटीत मी होतो. बाजूला मासाही होता. त्या वेळी मी बोटीच्या तळाशी पडून उलट्या करत होतो, त्यामुळे आमची भेट झाली नाही. पण आम्ही एका पाण्यात होतो हे कुणी नाकारू शकत नाही.

काचेपाशी गेलो. मासा आला. एवढा मोठा, आणि कुणालाही धक्का न लावता गेला. अंगावर ठिपके, जवळून कुणी मन लावून काढलेले असावेत असे. मायूमीने माझा हात घट्ट धरला आणि शिंकली. तिला सकाळपासून सर्दी आहे.

"पापा, हाच होता?"

मी हो म्हणालो. मग टोपी डोळ्यांवर ओढली. वडील आयुष्यभर ज्याच्यामागे बोट हाकत राहिले, तो मला परदेशात काचेपलीकडे पहिल्यांदा दिसत होता. ते असते तर बरं झालं असतं. मास्क होता म्हणून कुणाला काही दिसलं नाही. मायूमीने मात्र न विचारता रुमाल दिला, तिचाच, वापरलेला.

आम्ही तिथे खूप वेळ उभे राहिलो. मी एकदाही कारखान्याचा विचार केला नाही. हे लिहिताना लक्षात आलं.

बाहेर पडताना दुकानात शिरलो. कुठे जाऊन आलं की हात हलवत परत येऊ नये, हे आईने लहानपणीच अंगात मुरवलंय. जपानमध्येही तेच, ऑफिसात सगळ्यांसाठी काहीतरी आणायचंच. या बाबतीत दोन्ही देश माझ्यावर खूश आहेत. व्हेल शार्कच्या आकाराची बिस्किटं निवडली, एकेक वेगळं गुंडाळलेलं. दोन डबे घेतले, लीडर होणाऱ्याने हात आखडू नये.

मारिविकने विचारलं की हे कुणासाठी. म्हटलं, ऑफिससाठी.

"रोहेल, तू आज आजारी आहेस ना?"

म्हटलं, छे, उलट फार बरं वाटतंय. तिने डबे पिशवीत टाकले. तब्येतीची चौकशी केली, चांगली सवय आहे.

८ ऑक्टोबर, मंगळवार
सकाळी मास्क लावून, थोडं वाकून कामावर गेलो. माझ्या मते प्रवेश उत्तम झाला. सगळ्यांनी तब्येतीची चौकशी केली. मी खोकलो. चहाच्या सुट्टीत डबा उघडला आणि रीतीप्रमाणे टेबलाटेबलाशी जाऊन, "किरकोळ आहे, पण घ्या," असं म्हणत आणि मधूनमधून खोकत बिस्किटं वाटली. सगळ्यांनी दोन्ही हातांनी घेतली. तुआन डब्याच्या झाकणाकडे बराच वेळ बघत होता.

शेवटचं टेबल मोरिवाकी-सानांचं. त्यांच्यापुढे डबा धरला तेव्हा झाकणावरची अक्षरं मला पहिल्यांदा दिसली. मत्स्यालयाचं नाव, आणि खाली, 'भेटीची आठवण'.

साहेबांनी बिस्किट सोडवलं, शेपटीकडून खाल्लं.

"मासा मोठा होता?"

म्हटलं, हो.

"मुलीला आवडला?"

म्हटलं, फार.

"मग बरं झालं. बाउतिस्ता-सान, एप्रिलपासून मी तुम्हाला रजा घ्या म्हणतोय. तुम्ही रजा घ्यावी असं मला खरंच वाटत होतं."

यात काय दडलंय ते अजून उमगत नाही. पण त्यांनी दुसरं बिस्किट घेतलं. एकूण सूर माझ्या बाजूचा वाटला.

११ ऑक्टोबर, शुक्रवार
तुआन.

साहेबांनी मला बाजूला घेऊन समजावलं. काम माझंच चांगलं, त्यात वाद नाही. पण माणसांना वेळेवर घरी पाठवणं हे लीडरचं काम असतं, आणि जो स्वतःलाच पाठवत नाही तो इतरांना काय पाठवणार. मी यातला छुपा अर्थ शोधला. सापडला नाही. आता वाटतं, एप्रिलपासूनच नसावा.

तुआनने लगेच भिंतीवर कॅलेंडर लावलं. ज्याने त्याने आपापल्या रजा त्यावर लिहायच्या. माझ्या हातात पेन देऊन म्हणाला, "दादा, तुमच्यापासून सुरुवात करू." मी मायूमीचा वाढदिवस लिहिला.

घरी सांगितलं. मारिविकने मासे तळले. मायूमीने विचारलं, लीडर नाही झालास म्हणजे पुन्हा जाता येईल ना? म्हटलं, येईल.

१७ ऑक्टोबर, गुरुवार
ताप आहे. खोकला ओला आहे. मायूमीची रेंगाळलेली सर्दी माझ्याकडे आलीय. तिने शाळेत जाण्याआधी माझ्या कपाळाला हात लावून पाहिला आणि आईला सांगितलं की या वेळी खरं आहे.

आता फोन लीडरला करायचा असतो. मी तुआनला सगळं सविस्तर सांगितलं, मध्ये खोकण्यासाठी दोनदा थांबावं लागलं.

"आराम करा, दादा," तो म्हणाला. "फक्त येताना काही आणू नका. मागचीच अजून संपली नाहीत."