‘ठीक’ मागे घेण्याची सोय

३ फेब्रु., मंगळ. अमरावती
सातवं कलम झालं एकदाचं. वेब सर्व्हर आणि अ‍ॅप यांनी एकमेकांशी कसं बोलायचं, त्याचा जुना नियम आम्ही काही जण फुकटात दुरुस्त करतोय. हे काम आहे हे घरात कुणाला पटत नाही. जुन्यात एक सोय होती: अ‍ॅपनं सर्व्हरला ‘सगळं ठीक’ कळवलं आणि पान निघायच्या आत काही बिघडलं, तर ते ‘ठीक’ मागे घेता यायचं. सगळा गुंता तिथेच. काढून टाकली. कारण लिहिलं: आता कुणी वापरत नाही. गटात विचारून महिना झाला, एकही हरकत नाही.

८ फेब्रु., रवि. अकोला
लग्नाला आलो, तसाच जठारपेठेत गजाननकडे. कॉलेजचा सोबती. भाजीवाल्यांसाठी बाजारभावाची साइट चालवतो, एकट्याच्या जिवावर. माल कुठे न्यायचा ते लोक त्यावर बघून ठरवतात. मी फुशारकीनं सातव्या कलमाचं सांगितलं. त्याचा चहा तसाच राहिला.
“माही साइट त्याच्यावरच चालून राहिली ना बे! बाजारातून भाव नाही आला, का मी ‘ठीक’ मागं घेतो अन् कालचे भाव दाखवतो.”
मग बोलला का नाहीस? गटात नाव आहे, मेल वाचतोस.
“तिथं सारे मोठमोठे लोक. मी कावून मधात तोंड घालू? गप्प राह्यलो. तुले तरी समजाले पायजे होतं.”
परतताना बसमध्ये चिडचिड. आधी त्याच्यावर, मग स्वतःवर. आमच्याकडे जेवताना कुणी गप्प झालं तर लगेच विचारतात, काय बिनसलं म्हणून. आणि मी महिनाभराची शांतता होकार धरून बसलो.

११ फेब्रु., बुध.
ठेवावी का सोय? खरं तर नको. सर्व्हर लिहिणारा प्रत्येक जण तिच्या नावानं रडतो. पण काढली, की नवे सर्व्हर येतील आणि गजाननची साइट बंद. सगळी नव्यानं लिहायला त्याला वेळ कुठून... डोकं दुखलं.
फोन केला. तुझ्यासाठी नवा कोड मीच लिहून देतो म्हणालो. भडकला. “भीक नको दे मले.” ठेवला फोन. फार वाईट वाटलं.

१४ फेब्रु., शनि.
कलमातलं ‘आता कुणी वापरत नाही’ हे वाक्य खोडलं. गटाला कळवलं: माझं चुकलं, वापरणारे आहेत, हरकतींची मुदत वाढवा. गटाच्या प्रमुख परदेशी बाई, शिस्तीच्या. उत्तर आलं: सोमवारपर्यंत, मग गटात मतदान. वापरणाऱ्यानं स्वतः लिहावं, दुसऱ्याच्या तोंडून नको. रास्त आहे. गजाननला पाठवलं. निळ्या खुणा आल्या, उत्तर नाही.

१६ फेब्रु., सोम.
सकाळी त्याचा फोन.
“लिहून राहिलो. इंग्रजीत गाडी पुढं सरकत नाही. मराठीत लिहिलं तं चालते का?”
चालते, म्हणालो. एकदम. गटाला विचारलंच नाही. मी भाषांतर करू का, हे ओठावर आलं होतं, ते गिळलं.
दुपार होत आली. मेल उघडून बसलोय, त्याचं अजून आलेलं नाही. आलं तरी माझं मत कुठल्या बाजूला टाकणार, हे त्यानं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.