गुंफणे, गुंतणे वगैरे

९ फेब्रुवारी
गुडघा दुखतोय, पेपरातल्या सदराला विषय नाही, आणि लेकीला विणकामाचे शब्द हवेत! स्वराली इटलीत कापड शिकते. प्रबंधाला तीन भाषांतली यादी जोडायची आहे — इटालियन, इंग्रजी तिचं, मराठी माझं. फुकट. पाडव्याला परत येतेय, कायमची, म्हणून चालवून घेते.

१२ फेब्रुवारी
इंग्रजीत ब्रेड म्हणजे वेणी. सुदर्शन म्हणाला, "मग पावाला काय म्हणतात?" नवरा निवृत्त झाला की असले प्रश्न घरात येतात.

१५ फेब्रुवारी
इटालियन लोक गरीबच. 'इंत्रेच्चारे' — केस असोत, टोपली असो, फुलं असोत, एकच क्रियापद! आपण वेणी घालतो, टोपली विणतो, हार गुंफतो. फोनवर हे सगळं ऐकवलं. स्वराली हसली. मग म्हणाली, दोन माणसांचं जुळतं ना, त्यालाही तिकडे हाच शब्द. "त्याला मराठीत काय लिहू?"

"लफडं," मी म्हटलं. विनोद माझा मलाच आवडला.

ती हसली नाही. "लिहिते," म्हणाली आणि फोन ठेवला.

२ मार्च
तिच्या खोलीला रंग दिला. पिस्ता — तिनंच मागे निवडलेला. रंगारी विचारतो, लग्नघर का? वारज्याच्या या घरातली धूळ वर्षानुवर्षं पुसतेय, त्यात ही भर. दमले. फोन केला तर, "आई, गुंतलेय गं. नंतर बोलू."

८ मार्च
"गुंतलेय."

११ मार्च
पाडव्याला येत नाही! मेमध्ये बघू म्हणते. का? तेच — गुंतलेय. प्रबंध देऊन झाला, यादी गेली, आता कशात गुंतलीय ही?

सुदर्शनला विचारलं. तो पिस्ता खोलीच्या दारात उभा होता. म्हणाला, "शब्द तुझं खातं. अर्थ बघ."

चिडले. या घरात टोमणे मारायचा हक्क माझा आहे.

पण दिवसभर तोच शब्द डोक्यात. भाजी लागली.

१२ मार्च
फोन मीच केला. म्हटलं, यादी गेली तर गेली, त्यातलं ते लफडं खोड, बरा शब्द सापडलाय.

"कुठला?"

"गुंतणे."

मग विचारलंच — "कामात गुंतली आहेस, की —"

"की," स्वराली म्हणाली.